दुसरी किटली

सोमवारी नेस्टर ओलेक्सिन निवडणूक हरला आणि त्यानंतरच्याच रविवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये शरदाचं गावजेवण आलं. मधला आठवडा टोपोलिया गावाने त्याचं रीतसर सुतक पाळलं. को-ऑपच्या दुकानात तो शिरला की बोलणी थांबायची. पोस्टात लोक त्याला रांगेत पुढे जाऊ द्यायचे. बायका त्याच्या दारात झाकलेली भांडी ठेवायच्या आणि घंटा न वाजवताच पळायच्या. त्याच्या बायकोच्या, ऑड्रीच्या, फ्रीजमध्ये कोबीच्या रोलना जागा उरली नव्हती. गेलेल्या माणसाच्या घरीसुद्धा इतके येत नाहीत.

गावाचा हिशेब तसा बरोबर होता. चार वेळा मेयर, त्यातल्या एका खेपेला तर समोर उभं राहायला कुणी धजलंच नाही. मग पुराच्या वर्षी रेतीच्या पोत्यांवर चढून ओरडणारा त्याचा फोटो देशभर गेला आणि पक्षवाले खासदारकीची उमेदवारी घेऊन दार ठोठावायला आले. पहिल्या खेपेला पडला, पुढच्या दोन खेपांना निवडून आला, आणि आता डॉफिनच्या एका कापणीयंत्रं विकणाऱ्या पोराने त्याला ओटावाच्या संसदेतून घरी पाठवलं. एवढा चढलेला माणूस एवढा उतरतो तेव्हा गावाला वाईट वाटायलाच हवं. शिवाय फुकटात वाईट वाटून घ्यायला आमचं गाव कधीच मागे नसतं.

एकाच माणसाला वाईट वाटायला सवड नव्हती. ती म्हणजे त्याची धाकटी बहीण डार्का. ती कॉफी ओतत होती.

टोपोलियात शरदाच्या जेवणाला कॉफी मेयरने ओतायची असते. टर्की फादर कापतात, पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, म्हाताऱ्या वळतात, भांडी ज्यांच्यावर घरचे रागावलेत असे पुरुष घासतात, आणि मेयर किटली घेऊन टेबलाटेबलाशी फिरतो. कप भरेपर्यंत जेवढं गाऱ्हाणं सांगून होईल तेवढं तो ऐकतो. मात्र भिंतीकडच्या मेजावर दुसरी एक किटली भरून ठेवलेली असते आणि तिला कुणी हात लावत नाही. ज्याला मेयरच्या विरोधात उभं राहायचं असेल त्याने निवडणुकीच्या आदल्या वर्षीच्या जेवणात उठायचं, ती किटली उचलायची आणि पहिल्या टेबलापासून ओतत सुटायचं. भाषण नको, पत्रक नको. नेस्टरने तरुणपणी ती उचलली, तेव्हा म्हाताऱ्या मेयर स्लोबोजानने आपली किटली तिथल्या तिथे खाली ठेवली, कोट घातला आणि जेवण अर्धं टाकून घरी गेला.

पुढच्या शरदात गावाची निवडणूक होती. म्हणजे हे जेवण ते जेवण होतं.

"डार्का, तो आमच्या कोपऱ्यावरचा दिवा," ह्नात्युक म्हातारा कप पुढे करत म्हणाला. "तुझा भाऊ मेयर होता तेव्हा एका फोनवर दुरुस्त व्हायचा."

"तेव्हा तुमचा नातू ट्रक चालवत नव्हता," डार्का म्हणाली. "खांब वाकलाय तो त्यानेच. दिवा नवा येईल, खांबाचं नातवाला विचारा."

टेबलावरचे हसले. ह्नात्युकही हसला, पण लगेच मान पुढे काढून हळूच म्हणाला, "आणि नेस्टर? तो काय करणार आता?"

"विश्रांती."

"विश्रांती!" म्हातारा बायकोकडे बघून डोळा मिचकावत हसला.

प्रत्येक टेबलाला हाच प्रश्न आणि हेच हसू. डार्काने चेहरा सरळ ठेवला. सहा वर्षं ती मेयर होती. गावात डॉक्टर टिकत नव्हता, तो तिने आणून टिकवला. बर्फावरच्या कर्लिंगच्या रिंकचं छप्पर गळायचं, ते नवं घातलं. पण अजूनही गाव तिला 'डार्का' म्हणायचं आणि 'मेयर' म्हणायचं ते नेस्टरलाच. बाहेरगावी गेलेल्या माणसाचा कोट खुंटीवर राहतो, तशी ती त्याच्या खुर्चीवर राहिली आहे, अशी साऱ्यांची समजूत. सुरुवातीला तिचीही तीच होती. मग कधीतरी, बहुतेक त्या छपराच्या भांडणात, तिच्या लक्षात आलं की सकाळी उठून ऑफिसला जायची आपण वाट बघतो. आपल्याला हे काम येतं. हे तिने नवऱ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

वर चर्चमध्ये बाकांवर थांबलेल्यांना झेनोन आकडे पुकारून खाली पाठवत होता. झेनोन हा त्यांचा चुलत भाऊ, धंद्याने लिलाववाला, आणि नेस्टरच्या प्रत्येक निवडणुकीत पाट्या ठोकण्यापासून गळ्यात पडून रडण्यापर्यंत सगळी कामं त्याची. त्याने आकडा पुकारला की जुना नांगर विकायला काढल्यासारखं वाटायचं.

"पुढचे दहा! टर्की गरम आहे, ग्रेव्ही त्याहून गरम, मागे राहील त्याला नुसती टर्कीची मान मिळेल!"

त्या दहांत नेस्टर आणि ऑड्री होते.

*

नेस्टरला ओटावात सहा वर्षं कुणीतरी वाढत आलं होतं. मुख्य टेबल, नावाची चिठ्ठी, डाव्या हाताला कुणी महत्त्वाचा, उजव्या हाताला त्याहून महत्त्वाचा. आज त्याने मुद्दाम मधलं टेबल धरलं. चूक झाली. मधल्या टेबलाशी चारही बाजूंनी पोचता येतं.

"आम्ही तुलाच दिलं हो मत," कुणी खांद्यावर हात ठेवून म्हणालं.

"लोकांना कळत नाही," दुसरा म्हणाला.

"देवाच्या मनात काहीतरी असेल," तिसरी म्हणाली आणि डोळे पुसले.

ऑड्री स्वयंपाकघरात भांडी घासायला म्हणून सटकली. ती मूळची मॅकफेल घराण्यातली. तिच्याकडे माणूस खरोखर मेल्याशिवाय कुणी रडत नाही. नेस्टर एकटा सापडला. मग ह्नात्युकची बायको आली, शेजारी बसली, त्याचा हात हातात घेतला आणि सोडेचना. काही बोलेही ना. नुसती मान हलवत राहिली. ताटातल्या पेरोगी गार झाल्या. ग्रेव्हीवर साय धरली.

त्याला हात मोकळा हवा होता, एवढंच. हाताला काहीतरी काम हवं होतं. "तुमचा कप रिकामा आहे," असं म्हणून तो उठला, आणि भिंतीकडच्या मेजापर्यंत त्याचे पाय आपोआप गेले. मेयर असताना आपली किटली घ्यायला तो वर्षानुवर्षं तिथेच जात आला होता. हाताने मूठ ओळखली. किटली उचलली, वळला, आणि ह्नात्युक बाईंचा कप भरला.

हॉल गप्प झाला. काटे ताटावर ठेवले गेले. आणि मग मागच्या भिंतीजवळून कुणीतरी टाळी वाजवली, ती एकाची दोघांवर, दोघांची टेबलावर, टेबलाची सगळ्या हॉलवर गेली. आठवडाभर सुतक पाळून कंटाळलेल्या माणसांनी टाळ्यांत सगळं उट्टं काढलं.

"बायांनो आणि बाप्यांनो!" जिन्यावरून झेनोनचा आवाज आला. "मेयर परत आले!"

हॉलच्या दुसऱ्या टोकाला डार्का उभी होती. तिच्या किटलीत अजून निम्मी कॉफी होती. तिने समोरचा कप पूर्ण भरला, एक थेंब बाहेर पडू दिला नाही, आणि स्वयंपाकघराचं दार खांद्याने ढकलून आत गेली.

*

स्वयंपाकघरात वाफ होती आणि लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास होता. ममा, म्हणजे पारास्का ओलेक्सिन, स्टुलावर बसून पेरोगीच्या कडा चिमटीत दाबत होती. ऑड्रीचे हात कोपरापर्यंत फेसात होते. डार्काचा नवरा ऑरेस्ट ताटं पुसत होता आणि दर ताटामागे एक पेरोगी तोंडात टाकत होता.

डार्काने किटली ओट्यावर आपटली.

"कसल्या टाळ्या गं?" ममाने विचारलं.

"तुझ्या लाडक्याने दुसरी किटली उचलली."

ऑरेस्टच्या हातातलं ताट निसटलं, पोटावर अडकलं आणि वाचलं.

"नाही," ऑड्री म्हणाली. "शक्यच नाही. मला सांगितलं असतं त्याने."

"ओटावाचं सांगितलं होतं?"

ऑड्रीने पुढचं ताट फेसात बुडवलं. ओटावाचं तिला रेडिओवरून कळलं होतं, आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

"मग तूही ओत की," ऑरेस्ट बायकोला म्हणाला. "दोघं ओता. एवढंच ना, गावाला रात्रभर झोप येणार नाही."

"गंमत सुचतेय तुला."

"गंमत नाही. उभी राहा त्याच्यासमोर. छप्पर कुणी घातलं? डॉक्टर कुणी आणला? अर्धं गाव तुझं आहे."

"आणि दुसरं अर्धं त्याचं. मग नाताळच्या आदल्या संध्याकाळी कुणाला कुठल्या टेबलाशी बसवायचं? ममाला मध्ये ठेवून दोन घरं करायची?" डार्काने एप्रनची गाठ ओढली, ती घट्टच बसली. "मी भावाविरुद्ध उभी राहणार नाही. स्लोबोजानने ठेवली तशी मीही ठेवते खाली. झालं."

ऑड्रीने हात फेसातून काढले. या दोघी नणंद-भावजया सहा वर्षं मीठ इकडे दे, मोहरी तिकडे दे यापलीकडे बोलल्या नव्हत्या. का, ते कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"एक विचारू?" ऑड्री म्हणाली. "खुर्ची हवी होती म्हणून तू त्याला ओटावाला ढकललंस ना?"

"खुर्ची हवी होती," डार्का म्हणाली. "ढकललं नाही. तो धावतच सुटला होता, तू पाहिलंस की."

ऑड्रीने यावर थोडा विचार केला. मग टॉवेल घेतला, डार्काच्या मागे गेली आणि एप्रनची गाठ सोडवायला लागली. "मला तो मेयर नकोय," ती गाठीशी बोलल्यासारखी म्हणाली. "जेवताना फोन, झोपताना फोन, कुणाचं गटार, कुणाची मांजर. ओटावात असताना निदान गुरुवारी घरी येईपर्यंत तरी शांतता असायची. तुला म्हणून सांगते, सोमवारी आकडे यायला लागले तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि हसले."

"हसलीस?"

"मोठ्याने. म्हणून नळ."

डार्काने वळून तिच्याकडे बघितलं. गाठ सुटली होती, पण दोघींनीही ती तशीच धरून ठेवली होती.

"ममा, तू बोल ना काहीतरी," डार्का म्हणाली. "आतून खूश असशील. तुला पहिल्यापासून तोच हवा तिथे."

"माझ्या आतलं तुला कधीपासून दिसायला लागलं?" ममाने पेरोगीची कड दाबली. "मोतीबिंदूचं ऑपरेशन माझं झालं की तुझं?"

तेवढ्यात दार उघडून झेनोन आत घुसला. त्याचा चेहरा चांगल्या बोलीच्या लिलावासारखा फुलला होता.

"काय वातावरण आहे बाहेर! ऐका, पाट्या नव्याने छापायची गरजच नाही. माझ्या कोठारात पडल्यात तशाच वापरू, पक्षाचं नाव तेवढं रंगवून टाकायचं. डार्का, तुझं मन मोठं आहे हे मी सगळ्यांना सांगतोच आहे—"

"झेनोन," ममा म्हणाली. "सोमवारी मला मतदानाला कुणी नेलं?"

"मी नेलं, काकू."

"दार उघडून बसवलंस, दार उघडून उतरवलंस."

"आनंदाने!"

"मी नारिंगीवर खूण केली."

झेनोनचं तोंड उघडं राहिलं. नेस्टर लाल पक्षाचा होता.

"नारिंगीवर? काकू, त्यांचा उमेदवार तर या भागात फिरकलाही नाही!"

"म्हणूनच बरा वाटला. तुझा काका जन्मभर नारिंगी होता. त्याच्या थडग्यावर फुलं घेऊन जाते मी, त्याला काय तोंड दाखवू?" ममाने पुढची पेरोगी उचलली. "आणि हेही ऐका. नेस्टर मेयर होता तेव्हा माझ्या टेबलाशी सगळे यायचे. मेयरला रंग नसतो. हा तिकडे गेला आणि रंग लावून आला. माझ्या भावाने, पेत्रोने, नाताळला यायचं सोडलं. शेजारची ओल्हा माझ्याशी हवामान सोडून बोलेना. मला तो घरी हवा होता."

"म्हणजे मेयर म्हणून," डार्का म्हणाली.

"मेयर मला आहे की एक. छप्पर घालणारी. मला मुलगा हवा होता."

 डार्काने ओट्यावरची किटली उगाच हलवून पाहिली.

*

बाहेर नेस्टर ओतत होता.

पहिल्या टेबलापाशी त्याला वाटलं, हेच. हेच आपलं. लोक त्याचं नाव घेत होते, कप उंचावत होते, पाठीवर थापा पडत होत्या. आठवड्याभरात पहिल्यांदा कुणी त्याच्याकडे मयताला आल्यासारखं बघत नव्हतं. ओटावात त्याच्या भाषणाला कधी इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या. तिथे त्याला मागच्या बाकावर बसवायचे, टाळी कधी वाजवायची तेही दुसरेच सांगायचे.

"आता बघ," दुसऱ्या टेबलावरचा एकजण म्हणाला, "तो शेजारचा कुत्रा. तू असताना भुंकत नसे."

"कुत्रा तेव्हा जन्मला तरी होता का?"

"त्याची आई होती. तिला धाक होता."

नेस्टर हसला. तिसऱ्या टेबलाला सांडपाण्याच्या तळ्याचा वास होता. वारा दक्षिणेचा असला की चर्चमध्ये येतो, तेव्हा तळं हलव किंवा वारा. चौथ्या टेबलाला दोन सख्खे भाऊ होते आणि त्यांच्यामध्ये कुंपण होतं. दोघांनीही आपला कप एकाच वेळी पुढे केला, आणि कुणाचा आधी भरतो यावर पुढची दहा वर्षं अवलंबून असल्यासारखे बघत राहिले. ही दहा वर्षं नेस्टरला पाठ होती. याच कुंपणापायी तो एका ईस्टरला अंडी सोडून चिखलात उभा राहिला होता.

त्याचं हसू तोंडावर होतं, पण आत एकेक गोष्ट खाली बसत होती. तो 'बघतो' म्हणत होता, आणि दर 'बघतो' बरोबर किटली जड होत होती, खरं तर ती रिकामी होत चालली होती. शेवटच्या टेबलापाशी एका बाईने नर्सिंग होमच्या दाराविषयी काही सांगायला तोंड उघडलं आणि नेस्टरच्या मनात अगदी स्पष्ट आलं, देवा, हे डार्काला सांगा हो.

त्याने वर बघितलं. डार्का हॉलमध्ये कुठेच नव्हती. मग त्याला पुरतं कळलं की आपण काय उचललं आहे.

*

तो स्वयंपाकघरात शिरला तेव्हा सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. ऑरेस्टने चावणं थांबवलं.

"संपली," नेस्टर किटली दाखवत म्हणाला.

"कॉफी की आणखी काही?" ऑड्रीने विचारलं.

"मी फक्त ओतत होतो."

"या गावात कुणी फक्त ओतत नाही," डार्का म्हणाली. "तुला हे कुणी सांगायला हवं?"

"ह्नात्युक बाई हात सोडत नव्हती. मी उठलो. हातात आल्यावर लक्षात आलं—"

"मग खाली का नाही ठेवलीस?"

नेस्टरने किटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. खोटं बोलायला सोपं उत्तर त्याच्याकडे होतं. सहा वर्षांत त्याने तशी उत्तरं पुष्कळ दिली होती.

"टाळ्या वाजल्या, डार्का."

 कढईतला कांदा तेवढा बोलत होता.

"हवी आहे तुला?" डार्काने विचारलं. "ममासमोर सांग. हवी असली तर मी माझी किटली इथेच ठेवते, आणि मनात राग ठेवणार नाही. म्हणजे ठेवीन. पण दाखवणार नाही."

"पहिल्या टेबलाला हवी होती," नेस्टर म्हणाला. "चौथ्याला त्या दोघा भावांचं कुंपण आलं."

"अजून तेच?" ऑरेस्ट म्हणाला.

"अजून तेच. आता पोपलरच्या झाडापर्यंत सरकलंय." तो ओट्याला टेकला. "खरं सांगू? मंगळवारी सकाळी उठलो आणि हलकं वाटलं. विमान नाही, बॅग नाही, कुणी लिहून दिलेलं वाचायचं नाही. बिछान्यात पडून छताकडे बघत हसत होतो. मग लाज वाटली. सगळं गाव माझ्यासाठी रडतंय, आणि मी... म्हणून आठवडाभर तोंड पाडून फिरतोय. त्यांना काय वाटेल, त्यांच्या दुःखाचा अपमान नको."

ऑड्री त्याच्याकडे बघतच राहिली. "आणि मला वाटलं दुःख मला कळू नये म्हणून तू गप्प आहेस. मी तुझ्यासमोर हसले नाही सगळा आठवडा! गाल दुखले माझे."

"तू कशाला हसणार होतीस?"

"नेस्टर, तुझी ती चाकांची बॅग मी मंगळवारीच चर्चच्या जुन्या सामानात देऊन टाकली."

"मी शोधतोय ती! माळा पालथा घातला!"

"कशाला?"

"माझीही तीच कल्पना होती, देऊन टाकायची."

पहिली हसली ती ममा. हसता हसता तिच्या चिमटीतली पेरोगी फुटली आणि बटाटा बाहेर आला. मग ऑरेस्ट, मग ऑड्री, आणि शेवटी डार्का, तीही तोंडावर एप्रन धरून. हसण्यात तिचे डोळे भरले, पण त्या वाफेत कुणाचे कशाने भरले हे बघायला जागा नव्हती.

झेनोन एकटा उभा होता. "म्हणजे पाट्या?" तो म्हणाला.

"कोंबड्यांच्या खुराड्याला लाव," ममा म्हणाली. "वारा अडेल."

"पण काकू, उचललेली दुसरी किटली खाली ठेवायची रीत नाही. आजवर कुणी ठेवलेली नाही. स्लोबोजानने ठेवली ती मेयरची, पहिली किटली होती. दुसरी ठेवायची म्हणजे..."

ते खरं होतं.  बाहेर हॉल वाट बघत होता. ताटांचा आवाजही नेहमीपेक्षा कमी होता.

"ठेवू नकोस," ममाने शेवटी सांगितलं. "बाहेर जाऊन बस. कप सुलटा कर आणि थांब, सगळे थांबतात तसा. नेस्टर, ती रिकामी इकडे दे, घासायला. आणि झेनोन, तू वर जा. तोंड तूच उघडलंस, तूच बंद कर."

*

नेस्टर बाहेर आला तेव्हा त्याचे हात मोकळे होते. तो सरळ मधल्या टेबलापाशी गेला, ह्नात्युक बाईशेजारी बसला, आणि पालथा ठेवलेला कप उचलून सुलटा केला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून थांबला.

हॉलला काही कळेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी मागून विचारलं, "हे काय आता?"

दार उघडलं आणि डार्का आली. तिची किटली नव्याने भरलेली होती, नळीतून वाफ येत होती. ती वाटेतल्या टेबलांकडे न बघता मधल्या टेबलापर्यंत आली.

"देऊ?" तिने विचारलं.

"द्या, मेयर," नेस्टर म्हणाला. त्याने बहिणीला जन्मात पहिल्यांदा अहोजाहो केलं होतं, आणि ते मोठ्याने केलं होतं.

डार्काने ओतलं. कप काठोकाठ भरला. नेस्टरने तो उचलला, एक घोट घेतला, आणि ह्नात्युक बाईला म्हणाला, "पेरोगी गार झाल्या माझ्या. तुमच्या ताटातली एक घेऊ?"

ह्नात्युक बाईला बराच वेळ लागला, पण शेवटी तिने ताट सरकवलं. जिन्यावरून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"बायांनो आणि बाप्यांनो," झेनोन म्हणाला, आणि त्याचा आवाज आज पहिल्यांदा लिलावाचा नव्हता. "कॉफी मेयर ओततायत. कप सरळ धरा आणि गाऱ्हाणी थोडक्यात सांगा."

टाळ्या फारशा पडल्या नाहीत. हॉलने एक मोठा श्वास सोडला, एवढंच, आणि बोलणी पुन्हा सुरू झाली. ज्यांनी मघाशी टाळ्या वाजवल्या होत्या तेच आता म्हणायला लागले की आम्हाला आधीच वाटलं होतं. गावाला नेस्टरही हवा होता आणि छप्परही. दोन्ही टिकलं म्हटल्यावर गाव ग्रेव्हीकडे वळलं. कुंपणवाल्या भावांपैकी थोरल्याने डार्कासमोर कप धरून पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला घेतलं.

खसखशीचे रोल कापून झाले होते तेव्हा जिन्यावरून गावच्या नळखात्याचा वॉल्टर धावत खाली आला. त्याच्या टोपीवर पहिल्या बर्फाची भुरभुर होती आणि गुडघ्यापर्यंत पँट ओली होती. तो दारात क्षणभर थांबला, हॉलभर नजर फिरवली आणि सरळ नेस्टरकडे गेला.

"रेल्वे स्ट्रीटची मोठी पाइप फुटली. रस्त्यात फवारा उडतोय. काय करू?"

मधल्या टेबलाशी सगळे थांबले. नेस्टरचं तोंड रोलने भरलं होतं. त्याने चावणं सोडलं नाही. काटा उचलला आणि त्याच्या टोकाने डार्काकडे दाखवलं.

वॉल्टर वळला. डार्काने किटली ऑरेस्टच्या हातात दिली आणि ती जिन्याकडे निघाली. "कडेचा व्हॉल्व्ह बंद केलास का? नाही? मग चल, वाटेत सांग."

जिन्याच्या वर, चर्चच्या दाराशी, ती बूट घालायला वाकली. वॉल्टर पुढे गेला होता. एक बूट घालून झाला आणि दुसऱ्याची नाडी बांधता बांधता ती थांबली. खाली खुर्ची सरकते का, पायऱ्यांवर पाऊल वाजतं का, तिने ऐकलं. नेस्टरचं पाऊल तिला लहानपणापासून ओळखू यायचं. आगीच्या घंटेला तो घरात सगळ्यांच्या आधी दाराशी असायचा.

खालून ऑड्रीचं हसणं आलं. मग नेस्टरचा आवाज, अगदी सावकाश, पोट भरत आलेल्या माणसाचा:

"तो कडेचा तुकडा कुणाला नको असेल तर इकडे द्या."

डार्काने नाडी बांधली आणि दार ढकललं. रेल्वे स्ट्रीटवर पाणी वाहत होतं, आणि ते तिचं होतं.